माथ्यावरची बटू दीर्घिका

रत्नागिरीत ८ मेच्या सुमारास भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवशी सूर्य ज्या वाटेने माथ्यावरून जातो, जवळजवळ त्याच वाटेने एक दीर्घिका रोज जात असते. तिचं नाव लिओ टी. मार्चच्या मध्यावर रात्री साडेदहा-पावणेअकराला मांडवीच्या किनाऱ्यावर उभं राहून मान वर केली, तर पुष्य आणि मघा यांच्या मधल्या रिकाम्या दिसणाऱ्या भागात ती नेमकी डोक्यावर असते. दिसत मात्र नाही. डोळ्यांना नाही आणि हौशी निरीक्षकाच्या दुर्बिणीलाही नाही. अंतर तेरा ते चौदा लाख प्रकाशवर्षं, आणि सगळ्या ताऱ्यांचं वस्तुमान मिळून सूर्याच्या एक-दोन लाख पट. आपल्या आकाशगंगेत नुसते तारेच शंभर अब्जांच्या घरात आहेत.

आकाशगंगेच्या आसपास अशा साठाहून अधिक छोट्या दीर्घिका आता ठाऊक आहेत. त्यांतला सर्वांत ठळक मोठा मॅजेलन मेघ दक्षिण गोलार्धात नुसत्या डोळ्यांना दिसतो. रत्नागिरीहून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम तीन अंश चढतो आणि समुद्रावरच्या धुरकट हवेत विरून जातो. बाकीच्या बहुतेक इतक्या विरळ की त्यांचे तारे आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्यांमागे लपून बसतात.

म्हणून अशा दीर्घिकांच्या संशोधनाचं मुख्य काम बघण्याचं कमी आणि पाखडण्याचं जास्त. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या अडीच मीटर दुर्बिणीने ‘स्लोन’ सर्वेक्षण केलं. त्यातून कोट्यवधी ताऱ्यांचे रंग आणि तेज यांची यादी तयार झाली. एकाच दीर्घिकेतल्या ताऱ्यांचं आपल्यापासूनचं अंतर जवळपास सारखं, त्यामुळे त्यांच्या रंगाचा आणि तेजाचा मेळ ठरावीक पद्धतीने बसतो. संगणकाने असा मेळ बसणारे तारे ठेवले, बाकीचे वगळले, आणि उरलेल्यांची कुठे गर्दी होते ते तपासलं. २००७ साली लिओ टी सापडली ती अशी.

तारे सापडले, पण तिच्यात वायू आहे का? या प्रश्नाचा माग सह्याद्रीपर्यंत येतो. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी असल्याने त्या वाऱ्याला फारशा अडवत नाहीत. १४ तबकड्या मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये दाटीने, तर उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटरचं अंतर.

थंड हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. त्यांची वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्‌झ. जगभर हा पट्टा खगोलशास्त्रासाठी राखीव आहे. लिओ टी आपल्यापासून सेकंदाला सुमारे ३८ किलोमीटर वेगाने दूर जात असल्याने तिचा संदेश त्याच्या किंचित खाली, १४२०.२ च्या आसपास येतो.

निरीक्षण सुरू होतं ते भलत्याच दिशेला. तबकड्या आधी ज्याचं तेज अचूक ठाऊक आहे अशा एखाद्या प्रखर रेडिओस्रोताकडे वळतात. मग मूळ लक्ष्य, आणि अधूनमधून शेजारच्या दुसऱ्या ठळक स्रोताकडे फेरी. वातावरण आणि यंत्रणा यांमुळे संदेशात पडणारा फरक त्यावरून काढता येतो. लिओ टी खोडदलाही माथ्याच्या जवळून जात असल्याने तबकड्यांना ती दहा तासांच्या आसपास धरून ठेवता येते. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा संदेश वेगळा नोंदला जातो.

खरं काम त्यानंतर पडद्यासमोर बसून चालतं. कुठली तबकडी मध्येच बिघडली, कुठल्या मिनिटांत माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट शिरला, ते शोधून त्या नोंदी बाद करायच्या. अडचण आकाशातही आहे: आपल्या आकाशगंगेतला हायड्रोजन लिओ टीच्या संदेशाच्या अगदी लगतच्या वारंवारतांवर बोलत असतो. तो वेगळा काढायचा तर वेगाचा एकेक पट्टा स्वतंत्रपणे तपासावा लागतो. तबकड्यांची मांडणी इथे उपयोगी पडते. मधल्या दाट जोड्यांना पसरलेला मंद वायू कळतो, दूरच्या जोड्यांना बारीक तपशील. एकाच निरीक्षणातून दोन्ही चित्रं काढता येतात.

नेदरलँड्समधली वेस्टरबॉर्क दुर्बीण आणि जीएमआरटी यांच्या निरीक्षणांवर आधारित निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत आयेशा बेगम होत्या. लिओ टीमध्ये सूर्याच्या सुमारे २ लाख ८० हजार पट वस्तुमानाचा हायड्रोजन निघाला, म्हणजे ताऱ्यांपेक्षाही जास्त. त्यात थंड आणि उबदार असे दोन भाग होते. नवे तारे जन्मायला थंड वायू लागतो, आणि गेल्या काही कोटी वर्षांत तिथे तारे जन्मल्याच्या खुणाही आहेत.

तिच्या पूर्वेला, मघाच्या चार अंश उत्तरेला, सेग्वे १ ही आणखी एक छोटी दीर्घिका आहे. अंतर फक्त ७५ हजार प्रकाशवर्षं. प्रकाश जेमतेम ३०० सूर्यांइतका, वायूचा मागमूस नाही. तिथलं पाखडणं हवाईतल्या केक दुर्बिणीने केलं: एकेका ताऱ्याचा वेग मोजून २०११ मध्ये ७१ सदस्य तारे वेगळे काढले. त्यांच्या हालचालींवरून तिचं वस्तुमान प्रकाशाच्या मानाने हजारो पट भरलं. ते बहुतेक सगळं कृष्णद्रव्य. मोठ्या दीर्घिकेच्या जवळ फिरणाऱ्या छोटीचा वायू भोवतालच्या उष्ण वायूच्या रेट्याने खरवडला जातो, असं मानलं जातं. लिओ टी दूर राहिली, म्हणून तिची शिदोरी टिकली.

हे एकट्या लिओ टीचं प्रकरण नाही. बेगम, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात असलेले जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर कराचेन्त्सेव्ह यांनी सहकाऱ्यांसह जीएमआरटीवर ६५ मंद अनियमित दीर्घिकांचं सर्वेक्षण केलं. त्यांतल्या एनजीसी ३७४१ चा हायड्रोजन तिच्या दिसणाऱ्या पसाऱ्याच्या आठ पटींहून दूर पसरलेला आढळला.

आता चिलीतल्या ८.४ मीटरच्या रुबिन दुर्बिणीतून छोट्या दीर्घिकांच्या नव्या उमेदवारांची अपेक्षा आहे. प्रत्येक उमेदवाराचं अंतर, ताऱ्यांचे वेग आणि वायू वेगवेगळे तपासावे लागतील. खोडदहून दक्षिणेला उणे ५३ अंशांपर्यंतचं आकाश टिपता येतं, त्यामुळे चिलीच्या यादीतला बराचसा भाग इथल्या तबकड्यांच्याही टप्प्यात येतो. वर्षातून दोनदा इथे निरीक्षणाचे प्रस्ताव मागवले जातात, आणि ‘वायू आढळला नाही’ हा निकालही तितकाच नोंदण्यासारखा असतो.