रसदीची रेघ आणि रॉक एन रोल रेसिंग

या मालिकेत आजवर मी रणगाड्यांवर बोललो, वाळवंटातल्या हालचालींवर बोललो, रसदपुरवठ्यावर तर तुम्ही कंटाळेपर्यंत बोललो. आज मी एका जुन्या व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. घरात हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "आता एवढंच राहिलं होतं." पण शेवटपर्यंत ऐका. विषय रसदीचाच आहे.

खेळाचं नाव रॉक एन रोल रेसिंग. १९९३ साली अमेरिकेत सुपर निन्टेन्डो या मशीनसाठी तो आला आणि पुढच्या वर्षी सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी. ही मशीनं आजच्या पोरांनी पाहिलेली नसतील. टीव्हीला वायर जोडायची, वर खाचेत जाड काडतूस दाबून बसवायचं आणि खटका दाबला की खेळ सुरू. त्याला कार्ट्रिज म्हणत. आमच्या घरी मात्र मी त्याला काडतूसच म्हणायचो आणि मुलगा वैतागायचा.

खेळ बनवणारी कंपनी होती सिलिकॉन अँड सिनॅप्स. कॅलिफोर्नियात १९९१ साली नुकतंच कॉलेज संपवलेल्या तिघा तरुणांनी ती काढली होती. ॲलन ॲडहॅम, मायकेल मोरहाइम आणि फ्रँक पिअर्स. हीच कंपनी पुढे नाव बदलून ब्लिझार्ड झाली. वॉरक्राफ्ट आणि डायब्लो ही नावं तुमच्या घरातल्या चाळिशीच्या कुणाला तरी विचारा, लगेच ओळख पटेल. या मंडळींनी आधी आरपीएम रेसिंग नावाचा गाड्यांचा खेळ केला होता. त्याच वाटेनं हा दुसरा खेळ तयार होत होता. प्रकाशक होते इंटरप्ले. त्यांनी नावाजलेल्या रॉक गाण्यांच्या चालींचे हक्क मिळवून दिले आणि खेळाला हे नाव मिळालं. डीप पर्पलचं हायवे स्टार, ब्लॅक सबॅथचं पॅरानॉइड, स्टेपनवुल्फचं बॉर्न टु बी वाइल्ड. शब्द नाहीत, फक्त चाल, तीही त्या छोट्या चिपमधून निघालेली. मला तेव्हा तो नुसता कलकलाट वाटायचा. वर लॅरी हफमन नावाच्या मोटारसायकल शर्यतींच्या निवेदकाचा आवाज. "सुपरमाउथ" हे त्याचं टोपणनाव, आणि ते सार्थ होतं.

आता शर्यत कशी असते ते सांगतो. चार गाड्या एका बंद वळणावळणाच्या ट्रॅकवर काही फेऱ्या मारतात. समोर गोळी झाडता येते, मागे तेल किंवा सुरुंग टाकता येतात, आणि तिसरं साधन असतं उडी मारण्याचं किंवा क्षणभर वेग वाढवण्याचं. केमिकल कारखान्यासारख्या दिसणाऱ्या केम सिक्स या ग्रहापासून सुरुवात होते. पुढे दलदलीचा बॉगमायर, वाळवंटी न्यू मोहावी, बर्फाचा एनएचओ आणि शेवटी लाव्हाचा इन्फर्नो. प्रत्येक ग्रहावर एक दांडगा प्रतिस्पर्धी आणि सोबत रिप आणि श्रेड ही जोडगोळी कायमची.

सगळं दृश्य तिरप्या कोनातून, वरून दिसतं. नवशिका इथेच फसतो. गाडी पडद्यावर तुमच्यापासून दूर जात असेल तोवर डावं ते डावं असतं. तीच वळून तुमच्याकडे यायला लागली की तिचं डावं तुमचं उजवं होतं. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा प्रत्येक खालच्या वळणावर भिंतीवर आदळत होतो. आणि तेव्हा लक्षात आलं, अरे, हे तर आपण रोज करतो! रणगाड्याचा कमांडर बुरुजात असतो. बुरुज मागे फिरलेला असला, त्याचं तोंड शेपटीकडे असलं, तरी ड्रायव्हरला "लेफ्ट" सांगायचं ते रणगाड्याच्या धडाचं लेफ्ट. स्वतःचं नव्हे. नवीन अधिकारी यात हमखास चुकतात. मीही चुकलो होतो, आणि ड्रायव्हरनं निमूटपणे आम्हाला बाभळीत नेऊन घातलं होतं.

आता पैशाचं बघा. पहिल्याला १०,००० मिळतात, दुसऱ्याला ७,०००, तिसऱ्याला ४,०००. चौथ्याला काही नाही. शत्रूची गाडी उडवली की वर थोडं बक्षीस. या पैशातून शर्यतींच्या मध्ये इंजिन, टायर, शॉक ॲब्सॉर्बर, चिलखत आणि दारूगोळा घ्यायचा. पुरेसे साठले तर गाडीच नवी. त्यात बॅटल ट्रॅक नावाची साखळीवर चालणारी गाडीही आहे. तिला पाहून मी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

रणगाडा बनवणाऱ्यांपुढे एक जुना त्रिकोण असतो. मारा, गती आणि संरक्षण. एक कोपरा ओढला की दुसरा आत जातो, कारण मध्ये वजन बसलेलं असतं. आमचा टी ७२ साधारण ४१ टनांचा, इंजिन ७८० अश्वशक्तीचं. त्यावर अजून पोलाद चढवा, तो सुरक्षित होईल पण मऊ वाळूत बसेल. या खेळात मात्र चिलखत घेतल्यानं गाडी जड होत नाही. आडवं येतं ते वजन नाही, पैसा आहे. चिलखत घेतलं तर या खेपेला टायर नाहीत, एवढंच. आधी मला ही खेळकरी पळवाट वाटली. मग वाटलं, दिल्लीत बसून जो माणूस खरेदीच्या फायली बघतो त्याच्यापुढचा त्रिकोण असाच असणार.

पण खेळाचा खरा गाभा वेगळ्याच नियमात आहे. प्रत्येक फेरी पूर्ण झाली की तुमचा दारूगोळा पुन्हा पूर्ण भरून मिळतो. उरलेला साठत नाही. म्हणजे चार गोळ्यांची क्षमता असेल आणि तुम्ही तीन वाचवून रेघ ओलांडलीत, तर पुढच्या फेरीला सात मिळत नाहीत. चारच. वाचवलेल्या तीन वाया.

मंडळी, इथे मी सलग आठवडाभर हरलो.

काय होत होतं ते सांगतो. टी ७२ मध्ये तोफेत गोळा भरायचं काम मशीन करतं. तळाशी एक गोल फिरती थाळी असते, तिच्यात २२ गोळे बसतात. बाकीचे इकडेतिकडे ठेवलेले असतात आणि ते लढाईच्या धुमश्चक्रीत काढून भरणं म्हणजे दिव्य. त्यामुळे आमच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून कोरलेलं असतं की राउंड जपून वापर. रसदीचा ट्रक कधी येईल, येईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. रात्री यायचा तो पहाटे येतो. वाटेत रुततो. म्हणून हाताशी काहीतरी राखून ठेवायचं. ही कंजुषी नव्हे, यावर माणसांचा जीव अवलंबून असतो.

ती सवय घेऊन मी खेळायला बसलो. गोळ्या राखून ठेवल्या. शेवटच्या फेरीत उपयोगी पडतील म्हणून. आणि अकरा वर्षांचा माझा मुलगा शेजारी बसून प्रत्येक फेरीत सगळ्या झाडून मोकळा व्हायचा आणि पुढे निघून जायचा. मी त्याला म्हणालो, "अरे, उधळतोस काय?" तो म्हणाला, "बाबा, रेघ आली की परत मिळतात. तुम्ही कुणासाठी ठेवताय?"

बरोबर होतं त्याचं. गोळीची किंमत गोळीत नसते. पुढची रसद कधी येणार यात असते. ती कधी येईल हे माहीत नसेल तर शेवटची गोळी सोन्याची. ती ठरलेल्या रेघेवर नक्की येणार असेल तर न झाडलेली गोळी म्हणजे फुकट गेलेली गोळी. पंधरा वर्षांची नोकरी झालेल्या मला हे आकडेमोडीनं कळत होतं, बोटांना कळत नव्हतं.

मात्र उधळण्यालाही शिस्त असते. रेघ ओलांडल्याबरोबर सगळ्या झाडल्या तर उरलेली पूर्ण फेरी तुम्ही निःशस्त्र. शिवाय या खेळात उडालेली गाडी कायमची जात नाही, थोड्या वेळानं पुन्हा ट्रॅकवर येते. म्हणजे गोळीनं तुम्ही शत्रू मारत नाही, त्याचे काही सेकंद घेता. मग प्रश्न असा की ते सेकंद कुठे घेतले तर त्याला जास्त महाग पडतील? मुलानं ते पाठ केलं होतं. उडीच्या जागेच्या अलीकडे मारायचं, म्हणजे वेग तुटतो आणि पलीकडे नीट पोचता येत नाही. अरुंद वळणाच्या आत तेल टाकायचं. रुंद सरळ रस्त्यावर टाकलं तर लोक बाजूनं जातात. आम्ही सुरुंगांची पट्टी आखताना नेमका हाच विचार करतो: जिथे वळसा घालायला जागा नाही, तिथे. हे त्याला मी शिकवलं नव्हतं.

या प्रकारच्या खेळांना लोक मारामारीचे खेळ म्हणतात. १९९२ साली निन्टेन्डोचा सुपर मारियो कार्ट आला, १९९५ साली प्लेस्टेशनवर ट्विस्टेड मेटल आला. मारियो कार्टमध्ये शस्त्र नशिबानं मिळतं, आणि मागे पडलेल्याला चांगलं मिळतं. मजा येते, पण त्यात हिशेब नाही. ट्विस्टेड मेटलमध्ये शर्यतच नाही, नुसती लढाई. दोन्हींच्या मधल्या या खेळात मला रस वाटला तो त्याच्या जमाखर्चामुळे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती मी इतकी वर्षं टाळली.

त्या काडतुसात खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. त्याऐवजी पासवर्ड मिळायचा. अक्षरं आणि आकड्यांची एक अर्थहीन ओळ. तुमची गाडी कुठली, पैसे किती, चिलखत कितवं, कुठल्या ग्रहावर आहात, हे सगळं त्या ओळीत गुंडाळलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी ती ओळ जशीच्या तशी भरली की तिथूनच पुढे. एक अक्षर चुकलं तर काही नाही. सुशिक्षित सैनिकांना हे समजायला हवं, आम्ही तर आयुष्यभर सांकेतिक शब्दांवर जगलो.

१९९६ च्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. राजस्थानातल्या छावणीतून ईशान्येकडे. फौजी घरातली बदली तुम्हाला ठाऊक असेल. काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगानं नाव, आणि तीन दिवसांत घर रिकामं. मी वह्या-पुस्तकांचा ढीग रद्दीवाल्याला दिला. त्यात भूगोलाची एक जुनी वही होती. मागच्या पानांवर मुलाच्या अक्षरात ओळीच्या ओळी लिहिलेल्या. मी त्या पाहिल्या होत्या. चाळा म्हणून काहीतरी गिरवलंय असं वाटलं आणि वही ढिगात टाकली.

तो तेव्हा सगळ्यात अवघड पातळीवर एनएचओला पोचला होता. बर्फावर गाडी घसरते, टायर सगळे घेतलेले असले तरी घसरते. तिथवर यायला त्याला चार महिने लागले होते, आणि त्यातले बहुतेक महिने मी फील्डवर होतो. संध्याकाळी तो हाच खेळ खेळायचा, कारण छावणीत त्याच्या वयाची मुलं बदल्यांमुळे टिकत नसत. वही शोधून दमल्यावर त्यानं मला विचारलं, मी खरं सांगितलं. तो रडला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, तुमची वायरलेसची कोडची चिठ्ठी मी फेकली असती तर?" मी त्याला ओरडलो. कशाची तुलना कशाशी करतोस, वगैरे. तसं ओरडायची काही गरज नव्हती. नव्या ठिकाणी काडतूस आलं, पण त्यानं ते परत लावलं नाही. पुढे ते कुठल्या बदलीत गेलं, कळलं नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्लिझार्डनं आपले जुने खेळ एकत्र करून पुन्हा काढले. द लॉस्ट वायकिंग्ज, ब्लॅकथॉर्न आणि हा. नव्या आवृत्तीत चार जण एकत्र खेळू शकतात आणि पासवर्ड लिहून ठेवावा लागत नाही, खेळ आपोआप जपला जातो. मुलगा आता बंगळुरूला असतो. लॉकडाउननंतर आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर त्यानं टीव्ही लावला आणि काही न बोलता दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला. त्याच्या मुलीनं तिसरा घेतला.

पहिल्या शर्यतीत मी पुन्हा गोळ्या राखल्या. नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या सगळ्या तशाच आहेत!" मुलगा हसला आणि म्हणाला, "त्यांची जुनी सवय आहे." मग मी त्याला वहीबद्दल सॉरी म्हटलं. तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "कुठली वही?" त्याला आठवत होती, मला माहीत आहे. कारण पुढच्याच वळणावर त्यानं मला तेलावरून घसरवलं.

तुमच्यापैकी कुणाला खेळायचं असेल तर एक सांगून थांबतो. पहिल्या बक्षिसाच्या पैशातून दुकानात तोफेकडे बघू नका. आधी टायर घ्या, मग इंजिन. आणि रेघेच्या अलीकडच्या वळणावर हातात काही शिल्लक असेल तर समोर कोण आहे हे न बघता झाडा.