पुस्तकामागून पुस्तक

दसरा झाला, कापसाचे पहिले वेचे घरी येऊ लागले आणि शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या, की ग्रंथालयांत एक ठरलेली मागणी वाढते. अकोला असो, परतवाडा असो की मूर्तिजापूर, टेबलापाशी आलेला माणूस पुस्तकाचं नाव सांगत नाही. तो म्हणतो, "भाऊ, हातात घेतलं का सोडूच नाही वाटलं पाह्यजे, असं एखांदं द्या." ग्रंथपाल चार गाजलेली नावं सांगतात. त्यांतली दोन त्याने वाचलेली असतात, एक कुणी तरी नेलेलं असतं आणि चौथं घरी जाऊन विसाव्या पानावर थांबतं.

यात वाचकाचा दोष नसतो आणि पुस्तकाचाही नसतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली. त्यांतली दोन अशी : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. गाजलेल्या पुस्तकांची यादी ही गाठ घालू शकत नाही, कारण यादी वाचकाला ओळखत नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की वऱ्हाडातल्या वाचकाने सुरुवात वऱ्हाडापासून करावी. रस्ते ओळखीचे असले, बोली कानावरची असली, की सुरुवातीची पानं जड जात नाहीत. आणि एखादं पुस्तक मनात रुतलं, की तेच आपल्या जातीच्या दुसऱ्या पुस्तकाकडे नेतं, मग ते दुसरं पुस्तक पुण्याचं असो की पेकिंगचं. अमरावती-अकोल्याच्या वाचकाचं भाग्य असं, की बहुतेक साहित्यप्रकारांत सुरुवात करून देणारं इथलं एक तरी दमदार पुस्तक आहे.

कादंबरी : कौतिकपासून सुरुवात

कादंबरीत रमणाऱ्याने उद्धव शेळके यांची 'धग' आधी हाती घ्यावी. अमरावतीत आयुष्य काढलेल्या शेळक्यांची ही कादंबरी १९६० साली आली. एका गरीब शिंपी कुटुंबाची ही गोष्ट. नवरा महादेव कशालाच पुरा पडत नाही आणि त्याची बायको कौतिक सगळा संसार एकटीच्या अंगावर ओढून नेते. लेखक तिच्यासाठी गळा काढत नाही. आज पीठ किती आहे, उद्या काम मिळेल का, पोराच्या शिक्षणाचं काय, एवढ्याच प्रश्नांवर पुढचं पान उलटावं लागतं. संवाद अस्सल वऱ्हाडी आहेत. शहरात वाढलेल्या मुलांना ते आधी अडतील. त्यांनी पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचावीत. घरात आजी असेल तर तिला वाचून दाखवावीत. कानाला ओळख पटली की डोळे पळायला लागतात.

कौतिकने पकडलं, तर पुढची पायरी सदानंद देशमुख यांची 'बारोमास'. लेखक बुलडाणा जिल्ह्यातल्या अमडापूरचे. कादंबरी २००२ साली आली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ हा शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा. पदव्या आहेत, पण नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत आणि शेती पोट भरत नाही. वऱ्हाडातल्या कित्येक घरांत हा एकनाथ बसलेला आहे, म्हणून हे पुस्तक वाचताना आपण तटस्थ राहूच शकत नाही.

तिसरी कादंबरी अमरावतीचीच, मनोहर तल्हार यांची 'माणूस'. सायकल रिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या आयुष्यावरची. ती संपली की लाओ श या चिनी लेखकाची १९३०च्या दशकातली रिक्षावाल्याची कादंबरी शोधावी. पेकिंगच्या रस्त्यांवर स्वतःच्या मालकीच्या रिक्षासाठी पै-पै जोडणारा तरुण तिचा नायक आहे. तसंच 'बारोमास'नंतर प्रेमचंदांचं 'गोदान' घ्यावं. अमरावतीचा रिक्षावाला भेटलेला असला, की पेकिंगचा रिक्षावाला परका वाटत नाही. जागतिक साहित्याची भीती घालवायचा मला माहीत असलेला सगळ्यात सोपा उपाय हाच.

विनोद : वकिलाच्या टेबलावरून

हसायचं असेल, तर मुळापासून सुरुवात करावी. मराठीतल्या आधुनिक विनोदी लेखनाचे प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ साली नागपूरला झाला आणि त्यांनी वकिली केली ती वऱ्हाडात, बरीच वर्षं जळगाव जामोदला. 'सुदाम्याचे पोहे' हा त्यांचा विनोदी लेखांचा संग्रह. सुदामा आणि बंडूनाना या पात्रांना हाताशी धरून त्यांनी त्या काळच्या रूढींची, कर्मकांडांची आणि सामाजिक ढोंगांची भरपूर टर उडवली.

हे पुस्तक एका बैठकीत वाचू नये. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, वाक्यं लांब. रोज एक लेख पुरे. एकदा त्या वाक्याची चाल लक्षात आली, की मग राम गणेश गडकऱ्यांचं 'बाळकराम'च्या नावाने आलेलं लेखन घ्यावं. गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. तिथून चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि पुढे पु. ल. देशपांडे. या क्रमाने वाचलं, की एका पिढीने दुसरीकडून काय उचललं आणि कशात बदल केला, ते आपोआप दिसत जातं. पु. ल. आधीच वाचून झाले असतील, तरी हरकत नाही. मागे चालत या.

भटकंती आणि रान

गो. नी. दांडेकर म्हटलं की सह्याद्री आणि किल्ले आठवतात. पण त्यांचा जन्म १९१६ साली परतवाड्याचा. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते स्वातंत्र्यचळवळीत पडले, पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात आले आणि पायी खूप हिंडले. हे सगळं 'स्मरणगाथा'त आहे. या आत्मकथनाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नर्मदा परिक्रमेची ओढ असणाऱ्याने 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचावी आणि वऱ्हाडी माणसाने 'पूर्णामायची लेकरं' चुकवू नये. आपल्याकडून वाहत जाणारी पूर्णा आणि तिच्या काठची माणसं त्यात इथल्याच बोलीत उभी आहेत. १९८१ साली अकोल्यात मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी गोनीदाच होते.

रानासाठी मारुती चितमपल्ली. जन्म सोलापूरचा, पण वनखात्यातली बरीच नोकरी विदर्भाच्या जंगलांत गेली आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात ते उपसंचालक होते. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. 'रानवाटा', 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं' ही त्यांची पुस्तकं कुठूनही उघडावीत. एखाद्या पक्ष्याचं घरटं सांगताना ते आदिवासी वाटाड्याने दिलेली माहिती, जुन्या संस्कृत ग्रंथातला उल्लेख आणि स्वतः पाहिलेलं, हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवतात. चिखलदऱ्याला जाण्याआधी 'रानवाटा' वाचा. घाट चढताना गाडीची काच खाली होईल.

याच जंगलातल्या माणसांविषयी वाचायचं असेल, तर मिलिंद बोकील यांचं 'मेळघाट : शोध स्वराज्याचा' आहे. गावाने आपल्या जंगलावरचा हक्क कसा मिळवायचा आणि तो मिळाल्यावर कारभार कसा करायचा, हा विषय कागदावर रुक्ष दिसतो, पण बोकील तो गोष्टीसारखा सांगतात. शिकारकथांची आवड असणाऱ्यांना यापुढे जिम कॉर्बेटचे मराठी अनुवाद आहेतच.

सातशे वर्षांपूर्वीचं गद्य

आता एक असं पुस्तक, जे बहुतेकांनी अभ्यासक्रमात नावापुरतं पाहिलं आणि सोडून दिलं : 'लीळाचरित्र'. मराठीतला हा पहिला गद्य चरित्रग्रंथ तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तयार झाला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याने स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्याला गाठायचं, काय घडलं ते विचारायचं, स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घ्यायचं आणि मग लिहायचं. पुढे मूळ प्रत धाडीत गेली आणि अनुयायांनी पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यामुळे त्याचे पाठही अनेक झाले. नरवेलला जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी महानुभावांच्या पोथ्यांवर आयुष्यभर काम केलं. १९७८ साली आलेली 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती त्यांच्याच संपादनाची.

हा ग्रंथ पकडून ठेवतो तो त्याच्या लहान लहान प्रसंगांनी. एक प्रसंग सांगतो. स्वामी झाडाखाली बसलेले आहेत. शिकाऱ्यांची कुत्री मागे लागलेला ससा धावत येतो आणि त्यांच्या मांडीखाली शिरतो. शिकारी येऊन ससा मागतात. जो शरण आला त्याला देता येत नाही, असं स्वामी त्यांना समजावतात. शिकारी निघून जातात आणि मग स्वामी सशाशी बोलतात, त्याला आदराने निरोप देतात. सगळा मामला काही ओळींचा. कुठे घडलं, कोण होतं, कोण काय बोललं, एवढंच. उपदेशाचं ओझं नाही. आजची लघुकथा वाचणाऱ्याला ही शैली लगेच भावेल.

मूळ भाषा अवघड वाटली, तर शब्दार्थ दिलेली निवडक आवृत्ती घ्यावी आणि रात्री दोन-तीन लीळा वाचाव्यात. त्यानंतर म्हाइंभटांचंच 'गोविंदप्रभुचरित्र'. रिद्धपूरच्या गल्ल्यांतून मुलांसोबत खेळणारा, कुणाच्याही घरात शिरून समोर असेल ते खाणारा हा विलक्षण अवलिया, आणि त्याच्याभोवतीचं त्या काळचं वऱ्हाडी गाव. याच परंपरेत महदंबेचे 'धवळे' आहेत. मराठीची ही आद्य कवयित्री. केशिराजांचा 'दृष्टांतपाठ'ही इथलाच, त्यात ११४ दृष्टांत आहेत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. त्याच्या आसपासच्या वाचकांनी तरी हे ग्रंथ पदवीच्या परीक्षेपुरते ठेवू नयेत.

कविता : दोन ओळींचं वेड

'कविता आपल्याला कळत नाही' म्हणणाऱ्याला मी सुरेश भटांकडे पाठवतो. जन्म अमरावतीचा, १५ एप्रिल १९३२ चा. 'रूपगंधा', 'रंग माझा वेगळा' आणि 'एल्गार' हे तीन संग्रह या क्रमाने घ्यावेत, म्हणजे गीतकाराचा गझलकार होताना दिसतो. गझल नव्या वाचकाला सोयीची, कारण तिचा प्रत्येक शेर दोन ओळींत पुरा होतो. पहिली ओळ अपेक्षा उभी करते, दुसरी ती अचानक फिरवते आणि शेवटी तेच यमक, तोच शब्द पुन्हा येतो. हे यंत्र कसं चालतं ते समजावण्यासाठी भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. ती वाचून पुन्हा 'एल्गार' उघडला, की आधी नुसत्या आवडलेल्या ओळींतली कारागिरी हाती लागते. मग मागे माधव जूलियनांची 'गज्जलांजली' आणि पलीकडे गालिब.

गझल नको असेल त्याला मलकापूरला जन्मलेले कवी 'बी' यांची 'फुलांची ओंजळ', मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांचा 'शीळ' आणि विठ्ठल वाघांच्या वऱ्हाडी कविता आहेत. ललित गद्याची गोडी असेल, तर अमरावतीचे मधुकर केचे. त्यांचं 'आखर अंगण' वाचून बघावं.

रहस्य, विज्ञान आणि विचार

रहस्यकथेत वऱ्हाडी पुस्तकाचा हट्ट धरू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भयकथेला नारायण धारप, विज्ञानकथेला जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. वाचनाची सवय मोडलेली असेल, तर इथूनच सुरू करावं. या प्रकारांना हलकं समजणाऱ्यांनी पुष्कळ वाचक पळवून लावले आहेत.

इतिहासासाठी या. मा. काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ पासून उपलब्ध आहे. आपल्या तालुक्याचं नाव शोधत वाचावं. आणि विचारांसाठी तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता'. पोथी म्हणून बासनात गुंडाळलेल्या या ग्रंथाचे ४१ अध्याय गावच्या स्वच्छतेपासून लग्नाच्या खर्चापर्यंत सगळं बोलतात. गावात काही करू पाहणाऱ्या तरुणाने ती कामाचं पुस्तक म्हणून उघडावी.

पुस्तक मिळवायचं कसं

यातली काही पुस्तकं दुकानात सहज मिळतात, काहींसाठी शोध घ्यावा लागतो. पहिली जागा सार्वजनिक ग्रंथालय. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे शासनाचं अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकखरेदी होते. ती वाचकांच्या मागणीवर व्हावी असं वाटत असेल, तर मागणी करायला हवी. ग्रंथपालांना पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहून द्या. शक्य असेल तर चार वाचकांनी मिळून द्या. दुसरी जागा जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. तिसरी, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं संकेतस्थळ. मंडळाची अनेक प्रकाशनं तिथून फुकट उतरवून घेता येतात.

पुस्तक हाती आलं की त्याला पन्नास पानं द्या. तेवढ्यात जमलं नाही, तर मनाला न लावता परत करा. पण आवडलं, तर त्याची प्रस्तावना, मलपृष्ठ आणि अर्पणपत्रिका नीट वाचा. लेखक कुणाला मानतो, कुणाशी भांडतो, ते तिथे कळतं आणि पुढच्या पुस्तकाचं नाव बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ साली अमरावतीत झाली. त्याआधी १९१२ साली हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली अकोल्यात साहित्य संमेलन भरलं होतं. इथे वाचणारी माणसं होती, म्हणून हे घडलं. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी या दिवाळीत एवढं करावं : वरच्या नावांतलं एक पुस्तक स्वतःसाठी आणावं, एक घरातल्या मुलाच्या हाती द्यावं आणि सुट्टी संपायच्या आत दोघांनी पुस्तकांची अदलाबदल करावी.