टॉनी: पर्ल हार्बर ते बाल्टिमोर

अमेरिकी तटरक्षक दलाच्या ‘टॉनी’ या कटरने, म्हणजे गस्त, शोध आणि बचाव यांसाठी बांधलेल्या जहाजाने, 1936 ते 1986 अशी पन्नास वर्षे सेवा बजावली. 7 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरवर जपानी विमाने तुटून पडली, तेव्हा हे 327 फूट लांबीचे जहाज जवळच्या होनोलुलू बंदरात होते आणि त्याच्या तोफांनी विमानांवर मारा केला. त्या दिवशीच्या लढाऊ जहाजांपैकी आज तरंगत असलेले हे एकमेव होय. त्यानंतर त्याने केलेले जहाजताफ्यांचे रक्षण आणि ओकिनावा व व्हिएतनाम येथील युद्धांतील त्याचा सहभाग यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्याहून मोलाची होती ती ‘महासागरी केंद्रा’वरील सेवा, जिच्यात खोल समुद्रातील नेमून दिलेल्या जागी आठवडेच्या आठवडे थांबून हवामानाच्या नोंदी घेतल्या जात, विमानांना दिशादर्शन केले जाई आणि संकटग्रस्तांना वाचवले जाई. उपग्रह आणि स्वयंचलित तरंगती उपकरणे आल्यावर ही केंद्रे बंद होत गेली, आणि अमेरिकेचे शेवटचे केंद्र 1977 मध्ये याच जहाजाने सोडले.

सध्या ते बाल्टिमोर बंदरात संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. ज्यांचे नाव त्याला दिले होते, त्या रॉजर टॉनी यांनी सरन्यायाधीश या नात्याने 1857 मध्ये कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व नाकारणारा निकाल दिला होता; म्हणून 2020 मध्ये ते नाव काढण्यात आले, आणि आता हे जहाज केवळ 37 या क्रमांकाने ओळखले जाते.