जुन्या लॅपटॉपमधली तबकडी

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. लॅपटॉपची हार्ड डिस्क साधारण ६० अंशांपर्यंत चालेल अशी बनवलेली असते. पण खोलीच चाळिशीवर गेलेली, पंख्याच्या जाळीत धूळ तुंबलेली आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला असला, की आतली गरमी त्या हद्दीला सहज भिडते.

ही अडीच इंची डिस्क म्हणजे माणसाच्या हातून घडलेली एक थक्क करणारी वस्तू. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर, हवेच्या थरावर तरंगत असतं. १९५६ साली आयबीएमच्या रॅमॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावत. माळ्यावर टाकलेल्या लॅपटॉपमध्ये त्याच्या हजारो पट मजकूर असतो. म्हणूनच तो भंगारात देण्याची घाई मला पटत नाही.

लॅपटॉप सुरू झाला नाही म्हणजे डिस्क गेलीच, असं नव्हे. अनेक वर्षं पडून राहिलेल्या यंत्रात आधी संपतो तो मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल. तो संपला की तारीख मागे जाते, बायोसमधली डिस्कची मांडणी मूळ पदावर येते आणि एएचसीआय मांडणीवर चालणारं विंडोज आयडीई मांडणीवर निळा पडदा दाखवतं. सेल बदलून ती मांडणी पूर्ववत केली, की बऱ्याचदा काम होतं.

डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या वायरला जोडली आणि ती टकटक करू लागली, तरी लगेच धीर सोडू नये. सुरुवातीला फिरायला तिला एक अँपिअरच्या आसपास वीज लागते. यूएसबी २.० चं एक पोर्ट देतं अर्धा अँपिअर. दोन पोर्टांतून वीज घेणारी वायर लावून पाहावी. पुरेशी वीज मिळूनही टकटक चालूच राहिली, तर मात्र ताबडतोब बंद करावी. हेड दुखावलेलं असेल तर प्रत्येक फेऱ्यात तबकडीवर ओरखडा उठू शकतो. घरी झाकण उघडायचं नाही. धुळीचा एक कण हेड आणि तबकडी यांच्यातल्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

डिस्क फिरतेय पण अडखळतेय, अशा वेळी डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्या बघाव्यात. पाचव्या क्रमांकाची नोंद बदललेले सेक्टर सांगते, १९७ वी वाचता न येणारे. १९९ वी वाढत असेल तर दोष बहुधा जोडणीत असतो. इथे लोक विंडोजचं चेकडिस्क चालवतात, आणि मला तेच सगळ्यात धोक्याचं वाटतं. मरणाऱ्या डिस्कवर ते तासन्‌तास राबतं, वर लिहितंही. आधी जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने डिस्कची पूर्ण प्रत घ्यावी. ते सोपा भाग आधी उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. दुरुस्ती करायची ती प्रतीवर.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला, त्याची लष्कर ही वस्ती झाली आणि मराठी कुटुंबं इथे रुजली. त्यांच्या जुन्या डिस्कवर कचेरीचं हिंदी कृतिदेवमध्ये आणि घरचं मराठी श्रीलिपीत टाइप केलेलं असू शकतं. हे फॉन्ट युनिकोड नव्हेत. फॉन्ट नसेल तर वाचवलेली फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तेव्हा विंडोजचा फॉन्ट्सचा फोल्डरही सोबत उचलावा आणि महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ लगेच करून ठेवावी.