दगडाखालची हजेरी

टेमघर धरणाच्या वरच्या अंगाला मुठेच्या ओढ्याचं पाणी पोटरीपर्यंत आहे आणि चांगलंच गार आहे. प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळं टेकवून उभी आहे आणि समोरचे दगड पायाने ढवळते आहे. तळाचं सगळं सुटून जाळ्यात येतंय. काठावर म्हशी घेऊन आलेले एक बाबा विचारतात, "मासं गावत्यात का?"

"मासे नाही बाबा, मासे ज्यांना खातात ते किडे."

जाळं पांढऱ्या ट्रेमध्ये उलटं होतं. आधी दिसतो नुसता कचरा: कुजकी पानं, वाळू, काड्या. क्षणभर थांबलं की तो कचरा चालू लागतो. तांदळाच्या दाण्याएवढं एक चपटं पिल्लू तळाला घट्ट चिकटलंय. शेपट्या तीन, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची पानं सारखी थरथरताहेत. हे मेफ्लायचं पिल्लू. पाण्यात महिनोन् महिने वाढतं. पंख फुटल्यावर मात्र त्याचं आयुष्य काही तासांचं, फार तर दोनेक दिवसांचं. तेवढ्यात ते खातही नाही.

बाबा स्वतःच एक दगड उचलून उलटा करतात. खाली वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी घरं आहेत, कॅडिसफ्लायची. "ह्ये आमी लहानपणी गळाला लावायचो," ते सांगतात. मला वाटतं, नदी वाचायला लागणारी निम्मी विद्या गावातल्या अशा माणसांकडे आधीपासूनच आहे.

बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेचंच सांगतं. रात्री कुणी विषारी पाणी सोडलं आणि सकाळपर्यंत ते वाहून गेलं, तर सकाळची बाटली निर्दोष ठरते. तळाच्या किड्यांना मात्र पळून जायला जागा नसते. जे नाजूक असतात ते मरतात, आणि पुढे कितीतरी दिवस हजेरीत त्यांचं नाव लागत नाही. म्हणून १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये किड्यांच्या प्रत्येक कुळाला, ते जितकं नाजूक तितके जास्त, असे १ ते १० गुण देणारी पद्धत ठरली. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती भारतातल्या नद्यांसाठी बेतून घेतली. ट्रेमधल्या या चपट्या मेफ्लायला त्यात पुरते १० गुण आहेत. विद्यार्थिनी वहीत एकेक कूळ लिहीत जाते आणि पान भरत येतं.

दुपारी आम्ही पुण्यात, म्हात्रे पुलाखाली. तीच मुठा. पण पावसाळा सोडला तर खडकवासला धरणाच्या खाली नदीतून वाहतं ते बहुतेक शहराचं सांडपाणीच. इथे पायाला दगड लागत नाही, काळा गाळ लागतो, आणि तो ढवळला की सडक्या अंड्यांचा दर्प नाकात भरतो. तरीही ट्रे वळवळतोय. लालभडक अळ्या शेकड्यांनी आहेत. त्यांचा रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या जोरावर त्या जेमतेम प्राणवायूतही तग धरतात.

फिरायला आलेले एक आजोबा वाकून बघतात. "अहो, केवढे जीव आहेत! म्हणजे नदी जिवंत आहे की."

"किती प्रकारचे दिसताहेत, आजोबा?"

ते चष्मा सारखा करून बघत राहतात. "या लाल अळ्या. आणि हे दोऱ्यासारखे किडे. बस, दोनच."

लाल अळ्यांना २, गाळातल्या त्या किड्यांना १. ट्रेमध्ये संख्या तुडुंब, आणि वहीत बेरीज ३. मला ही तुडुंब गर्दीच जास्त अस्वस्थ करते. स्पर्धक आणि शिकारी दोन्ही संपल्याशिवाय दोनच कुळांना एवढं मोकळं रान मिळत नाही.

"बाकीचे परत येतील?" आजोबा विचारतात.

"आसपासच्या ओढ्यांतून उडत येतात ते. पण त्यांची अंडी जगायला पाण्यात प्राणवायू हवा, तळाला दगड हवेत."

"मग आधी काय करायचं?"

ती समोरच्या काठाला नदीत पडणाऱ्या नाल्याकडे बोट दाखवते. पुढचं जाळं त्याच्याच तोंडाशी लावायचं आहे. आजोबा ट्रे धुवायला पुढे होतात.