सायकलसाठी छोटा कॅमेरा निवडताना

अॅक्शन कॅमेरा म्हणजे मुठीत मावणारा, पाणी, धूळ आणि धक्के सोसणारा आणि एकदा सुरू केला की हात न लावता चालणारा व्हिडिओ कॅमेरा. निक वुडमन यांनी २००२ साली अमेरिकेत सुरू केलेल्या गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा २००४ साली आला. लाटांवर स्वार होणाऱ्यांनी मनगटाला बांधायचा हा कॅमेरा ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर साधी छायाचित्रे काढत असे. डिजिटल झाल्यावर तो हेल्मेटवर आणि हँडलबारवर पोचला. आज गोप्रोच्या जोडीला डीजेआय आणि इन्स्टा३६० या शेनझेनमधल्या कंपन्यांचे कॅमेरे आहेत. तिघांच्याही जाहिरातींत ४के, ५के असे आकडे ठळक छापलेले असतात. सायकलस्वाराने त्या आकड्यांकडे वळण्याआधी कॅमेऱ्याचे काम ठरवावे, कारण चुकीची खरेदी बहुतेक वेळा इथेच होते.

हे काम दोन प्रकारचे असते. ताम्हिणीतला उतार किंवा डोंगरातली पायवाट पुन्हा पाहता यावी, इतरांना दाखवता यावी, हे एक. तिथे चित्र देखणे आणि स्थिर हवे. दहा-दहा मिनिटांचे तुकडे पुरतात. दुसरे काम साक्षीदाराचे. रोज वाहनांच्या गर्दीतून जाणाऱ्याला कोणी घासून गेले किंवा पाडून गेले, तर ते नोंदले जायला हवे. धक्का कधी बसेल हे आधी कळत नाही, म्हणून असा कॅमेरा घर सोडल्यापासून परत येईपर्यंत चालू लागतो. पहिल्या कामात नाव मिळवलेला कॅमेरा दुसऱ्या कामात दीड-दोन तासांत डोळे मिटतो.

सगळ्यात मोठी अडचण बॅटरीची. गोप्रो हीरो १३ मध्ये १९०० मिलिअँपिअर-तासांची, तर डीजेआयच्या ऑस्मो अॅक्शन ५ प्रोमध्ये १९५० ची बॅटरी आहे. कंपन्या जे तास सांगतात ते सोईच्या तापमानात, कमी रिझोल्यूशनवर, स्क्रीन आणि वाय-फाय बंद ठेवून मोजलेले असतात. ४के चित्रण सलग करताना दीड ते दोन तासांचा हिशोब धरावा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात, तेव्हा इथे बॅटरी बदलता येणे ही चैन राहत नाही. इन्स्टा३६० गो ३एसचे वजन अवघे ३९ ग्रॅम. हेल्मेटवर तो जाणवतही नाही. पण त्याची बॅटरी आणि साठवण दोन्ही आतच बंद असतात आणि चार्जिंगच्या खोक्याबाहेर तो अर्धा-पाऊण तासच टिकतो. छोट्या तुकड्यांसाठी तो उत्तम. साक्षीदार म्हणून अपुरा. पॉवर बँकेवर कॅमेरा चालवता येतो, मात्र त्यासाठी बॅटरीचे झाकण उघडे ठेवले की पाण्यापासूनचे संरक्षण संपते. पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याने केबल आत जाऊ देणारे जलरोधक झाकण त्या मॉडेलला मिळते का, हे आधीच विचारावे.

आता रिझोल्यूशन. ४के चित्राची रुंदी ३,८४० बिंदूंची असते. लेन्सने १२० अंशांचा देखावा घेतला, तर एका अंशाच्या वाट्याला सुमारे ३२ बिंदू येतात. मोटारीची लांबट नंबरप्लेट ५०० मिलिमीटर रुंद असते. दहा मीटरवर ती जेमतेम तीन अंश व्यापते, म्हणजे नव्वदेक बिंदू आणि दर अक्षराला नऊ. तेवढ्यावर दिवसा नंबर वाचता येतो. त्याच लेन्सने १०८०पी मध्ये चित्रण केले तर बिंदू निम्मे होतात आणि अक्षरे एकमेकांत मिसळतात. दुचाकीची २०० मिलिमीटरची पाटी तर त्याहून लवकर हातची जाते. यावर फारसा कोणी न वापरणारा उपाय आहे. कोन ९० अंशांवर आणला, तर २.७के मध्येही (रुंदी २,७०४ बिंदू) दर अंशाला ३० बिंदू मिळतात. नंबर जवळजवळ तितकाच स्पष्ट येतो आणि बॅटरी व कार्ड दोन्ही वाचतात. अतिरुंद कोनाचा दुसराही तोटा आहे: अगदी चिकटून गेलेला ट्रक चित्रात हातभर लांबून गेल्यासारखा दिसतो.

रात्री मात्र बिंदूंचे गणित कोलमडते. प्रकाश कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. सेकंदाच्या तिसाव्या भागात ताशी ३० किलोमीटर वेगाची सायकल पाऊण फुटाहून अधिक पुढे सरकते आणि पाटीवरची अक्षरे फरफटतात. इथे मोठ्या सेन्सरचा खरा उपयोग होतो. चित्र स्थिर करणारी सोयही अंधारात लंगडी पडते, कारण ती फ्रेम एकमेकींशी जुळवते, फ्रेमच्या आतला धूसरपणा पुसू शकत नाही. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ आणि सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम निवडाव्यात; नाहीतर रस्त्यावरचे दिवे चित्रात लुकलुकताना दिसतात.

दिवसाउजेडी स्थिरता आता सगळ्याच चांगल्या कॅमेऱ्यांत आहे. गोप्रोने २०१८ साली हीरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ आणले, तेव्हापासून हातातल्या गिंबलची (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यांत्रिक दांड्याची) गरज सायकलस्वाराला राहिली नाही. त्यासाठी चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात, इतकेच. तरीही खडबडीत डांबरावर हँडलबारची बारीक, जलद थरथर उरते. ती माउंटने आवरायची असते. लांब दांड्याचा प्लॅस्टिक माउंट थरथर वाढवतो. हँडलबारला घट्ट बसणारा, आखूड, धातूचा माउंट ती कमी करतो. सुरक्षेसाठी पातळ दोरीही बांधावी, कारण खड्ड्यात सुटलेला कॅमेरा मागच्या चाकाखाली जाऊ शकतो. छातीवरच्या पट्ट्यातून हात आणि हँडलबार चित्रात येतात, वेग जाणवतो. पण रोड बाइकवर वाकून बसले की तिथून पुढचे चाकच दिसते. हेल्मेटवरून नजर जाईल ते सगळे टिपले जाते. मात्र आपटल्यावर कवचाने सहज घसरावे अशी हेल्मेटची रचना असते आणि वर बसवलेला कडक ठोकळा त्याच्या आड येऊ शकतो. तिथे कॅमेरा लावायचाच तर तो हलका आणि धक्क्याने सुटणारा असावा.

धोका बऱ्याचदा पाठीमागून येतो. त्यासाठी मागच्या दिव्यातच कॅमेरा बसवलेली उपकरणे मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या सायक्लिक कंपनीचे फ्लाय६ हे त्यातले जुने नाव. गार्मिनच्या व्हेरिया आरसीटी७१५ (२०२२) मध्ये दिवा, १०८०पी कॅमेरा आणि मागून येणाऱ्या वाहनाची सूचना देणारे रडार एकत्र आहे. यांचे चित्र देखणे नसते, पण रोज कामावर सायकलने जाणाऱ्याला महागड्या अॅक्शन कॅमेऱ्यापेक्षा असा दिवा अधिक उपयोगी पडतो.

मेमरी कार्ड व्ही३० दर्जाचे घ्यावे; ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहून घेते. सेकंदाला ६० मेगाबिट वेगाच्या चित्रणाला तासाला सुमारे २७ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड साडेचार तासांच्या आसपास भरते. लूप रेकॉर्डिंग असेल तर जुन्यावर नवे लिहिले जाते. म्हणून अपघात झाल्यावर पहिली गोष्ट ही, की कॅमेरा बंद करून कार्ड बाजूला ठेवावे. तारीख आणि वेळ आधीपासून बरोबर लावलेली असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेली सांकेतिक ओळख, नमूद करायचे असते. फाइल कापली किंवा संपादित केली की हे मूल्य बदलते. कापलेला तुकडा समाजमाध्यमावर टाकायला हरकत नाही; मूळ फाइल मात्र कार्डावर आहे तशीच राहू द्यावी.