दुर्बिणीची हौस आणि घरचा हिशेब

हौसेला मोल नाहीं, असें आपल्याकडे म्हणतात. आणि अंथरूण पाहून पाय पसरावे, असेंहि तींच माणसें सांगतात. महागडा छंद जडलेल्या गृहस्थाला या दोन म्हणींच्या मधून वाट काढावयाची असते. आकाशनिरीक्षण हा असाच एक छंद आहे. हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यांत १९४४ सालीं स्थापन झाली, इतका तो आपल्याकडे जुना आहे. नव्या निरीक्षकापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो मात्र पैशाचा: दुर्बिणीवर किती खर्च करावा?

दुर्बिणीचें मुख्य कार्य प्रकाश गोळा करण्याचें असतें. हा प्रकाश भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीपेक्षां २०० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण चौपट प्रकाश घेते. हें गणित ऐकलें कीं मोठी दुर्बीण घेण्याचा मोह अनावर होतो. परंतु व्यासाबरोबर किंमत वाढते, तसेंच वजनहि वाढतें. आणि जी दुर्बीण तीन जिने चढवून गच्चीवर नेतांना धाप लागते, ती लवकरच कपाटामागें उभी राहते. शिवाय शहरांतील दिव्यांचा उजेड मोठ्या आरशानें नाहींसा होत नाहीं. आणि हवेच्या चंचलतेनें थरथरणारें ग्रहाचें बिंब अधिक मोठें केलें, तर त्याची थरथरहि मोठी दिसते.

या बाबतींत विल्यम हर्शेलचें उदाहरण बोधप्रद आहे. इंग्लंडांतील बाथ येथें संगीतावर चरितार्थ चालविणाऱ्या या गृहस्थानें, स्वतः घासलेल्या सुमारें सहा इंची आरशाच्या दुर्बिणीनें, १३ मार्च १७८१ रोजीं युरेनस ग्रह शोधून काढला. पुढें राजा तिसऱ्या जॉर्जनें दिलेल्या ४,००० पौंडांतून त्यानें ४० फूट लांबीची, ४८ इंची आरशाची प्रचंड दुर्बीण १७८९ सालीं पुरी केली. ती हलविण्यास माणसें लागत, आरसा वारंवार काळवंडे. त्यामुळें त्याचें नित्याचें काम २० फुटी दुर्बिणीवरच चालत राहिलें. त्याची बहीण कॅरोलीन हिनें तर आपला पहिला धूमकेतु १७८६ सालीं एका लहानशा दुर्बिणीनेंच शोधला.

तेव्हां खर्च ठरवितांना क्रम असा असावा. प्रथम वर्षभर नुसत्या डोळ्यांनीं व ५० मिलिमीटरच्या द्विनेत्री दुर्बिणीनें आकाश पाहावें. तिच्यांतून गुरूचे चार उपग्रह, कृत्तिकांचा पुंज आणि काळोख्या ठिकाणाहून देवयानी दीर्घिकाहि दिसते. वर्ष संपतांना ओढ कायम असेल तरच पुढचा विचार करावा. मग मुलांची फी, आजारपणाची शिल्लक व कर्जाचे हप्ते बाजूला काढून, उरलेल्या रकमेंतील छंदाचा वांटा पतिपत्नींनीं एकविचारानें ठरवावा. घरांतल्यांपासून पावती लपवावी लागली, तर छंदाचें व्यसन झालें असें समजावें. त्या वांट्यांतच तिवई, नेत्रभिंगें आणि पावसाळ्यांत बुरशीपासून भिंगांचें रक्षण यांचाहि खर्च धरावा.

शेवटीं एक भागाकार करावा. समजा, ३०,००० रुपयांची दुर्बीण घेतली. पावसाळ्याचे चार महिने वगळून ती वर्षांत ६० रात्रीं बाहेर निघाली, तर पांच वर्षांत ३०० रात्री होतात व दर रात्रीस १०० रुपये पडतात. तीच वर्षांतून सहा वेळां निघाली, तर दर रात्रीस १,००० रुपये पडतात. किंमतीचा आंकडा दुकानदार सांगतो. रात्रींचा आंकडा ज्याचा त्यानें प्रामाणिकपणें मांडावयाचा असतो. हा हिशेब ज्याला जमत नाहीं, त्याला आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांतील संस्थेची दुर्बीण खुली आहे. ज्याला जमतो, त्यानें दुर्बीण निःशंक मनानें घ्यावी, आणि शनीचीं कडीं प्रथम पाहण्याचा मान घरांतल्या सर्वांत लहान मुलाला द्यावा.